पालकमंत्री, बांधकाममंत्री की राज्यमंत्री: रस्त्याचं निवेदन कुणाला द्यायचं?

तुमचा प्रश्न असा, की पालकमंत्र्यांनी गावच्या रस्त्याची घोषणा करून सात महिने झाले आणि खडीचा एक ढीगही पडलेला नाही. बांधकाम खात्याला मंत्री वेगळे, राज्यमंत्री वेगळे, त्यात बांधकामाची खातीच दोन दिसतात, मग निवेदन द्यायचं कुणाला? मी मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. लांबून एसटीने आलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद धरलेली माणसं रोज बघितली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंत्र्यांची संख्या आधी सांगून टाकतो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मुख्यमंत्री धरून मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नेमता येत नाहीत. आपली विधानसभा २८८ ची, म्हणजे कमाल ४३. डिसेंबर २०२४ मध्ये आधी मुंबईत तिघांचा आणि मग नागपुरात ३९ जणांचा शपथविधी झाला. त्या ३९ मध्ये ३३ कॅबिनेट आणि ६ राज्यमंत्री. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही. १९७८ मध्ये नाशिकराव तिरपुडे आपल्या राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. या पदावरच्या माणसाचा अधिकार येतो तो त्याच्याकडच्या खात्यांमधून.

आता तुमच्या कामाचं. खात्याच्या नावापुढचा कंस नीट वाचा. 'सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम वगळून)' हे एक खातं आणि 'सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम)' हे दुसरं. दुसऱ्याकडे मुख्यतः रस्ते विकास महामंडळ, म्हणजे समृद्धी महामार्गासारखी कामं. गावच्या रस्त्याचा त्याच्याशी संबंध नाही. २०२४ च्या खातेवाटपात जलसंपदाचीही खोऱ्यांनुसार दोन मंत्र्यांत वाटणी झाली: गोदावरी-कृष्णा एकाकडे, विदर्भ-तापी-कोकण दुसऱ्याकडे. कंस न वाचता दिलेलं निवेदन आठवडेच्या आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर जातं.

पण तुमचा रस्ता बांधकाम खात्याचा आहे का, हे तुम्ही बघितलं आहे का? राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग त्या खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे वर मंत्रालयात ग्रामविकास विभाग. गावाला जोडणारा रस्ता बहुतेक वेळा या दुसऱ्या गटात निघतो. तसं असेल तर दोन्ही बांधकाममंत्र्यांच्या दालनात जाऊन उपयोग नाही.

पालकमंत्री हे पदही घटनेत नाही. त्यांचं वजन येतं ते जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदामुळे, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा तिथून वाटला जातो. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली, यावरून या पदासाठी किती ओढाताण असते ते समजतं. तुमच्या रस्त्याची घोषणा जिल्हा वार्षिक योजनेतून असेल, तर फाईल मुंबईत नसेलच. ती जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात असेल. मुंबईचा खर्च करण्याआधी तिथे जाऊन या.

राज्यमंत्र्यांना स्वतःचे वेगळे अधिकार जवळजवळ नसतात. कॅबिनेट मंत्री जे विषय सोपवतील तेवढेच त्यांच्याकडे. ते तुमच्या शेजारच्या तालुक्याचे असतील तर जरूर भेटा, पण तुमचा विषय त्यांच्याकडे सोपवलेला आहे का, हे त्यांच्या खासगी सचिवांना आधी विचारा.

आता शेरा. या एका गोष्टीने मी फार माणसं फसलेली बघितली. निवेदनाच्या कोपऱ्यात मंत्री हिरव्या शाईत दोन शब्द लिहितात आणि माणूस काम झालं म्हणून घरी जातो. एकदा एक सरपंच असाच कागद घेऊन माझ्याकडे आले. गावात त्यांनी पेढेही वाटले होते. कागदावर शेरा होता 'तपासून सादर करावे'. याचा अर्थ विभागाने माहिती घेऊन टिपणी पुढे पाठवावी, एवढाच. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे नियमात बसत असेल तरच करा. ही मंजुरी नव्हे, हे त्यांना सांगताना माझा आवाज निघत नव्हता. शेरा मिळाला की त्याच दिवशी कागद विभागात आवक झाला का ते बघा आणि आवक क्रमांक लिहून घ्या. पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावर होते.

मोठ्या योजनांना मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, पण तिथेही काम संपत नाही. २९ जून २०२२ ला औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नामांतराचा निर्णय झाला, सरकार बदललं, नव्या मंत्रिमंडळाने जुलैमध्ये तो पुन्हा नव्याने घेतला, आणि केंद्राची संमती आली फेब्रुवारी २०२३ मध्ये. बैठकीतल्या निर्णयानंतर विभागाने शासन निर्णय, म्हणजे जीआर, काढावा लागतो. जीआरच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' हे शब्द असतात, कारण घटनेप्रमाणे शासनाचा आदेश राज्यपालांच्या नावानेच निघतो. त्याच्या जरा वर 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक' अशी ओळ आहे का बघा. खर्चाच्या कामात ती असेल तर वित्त विभागाने होकार दिला आहे. लेखाशीर्ष दिलेलं असतं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यावर पडणार ते कळतं. तरीही प्रशासकीय मान्यता आणि निधी वितरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता मिळून तरतूद नसेल तर काम पुरवणी मागण्यांपर्यंत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर विधिमंडळाकडून जादा पैसा मंजूर होईपर्यंत, थांबतं, आणि माझ्या अंदाजाने तुमचं काम एक तर इथे अडकलं आहे किंवा घोषणेच्या पुढे गेलेलंच नाही.

म्हणून आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याकडून रस्त्याचा क्रमांक आणि वर्ग घ्या. 'ग्रा.मा.' (ग्रामीण मार्ग) आहे, 'इ.जि.मा.' (इतर जिल्हा मार्ग) आहे की 'प्र.जि.मा.' (प्रमुख जिल्हा मार्ग), ते इथे लिहा, सोबत घोषणेची तारीख आणि योजनेचं नाव. निवेदन कुणाच्या नावे काढायचं आणि त्यात काय लिहायचं ते मग बसून करून देतो.