तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: राजाचे लाल डगलेवाले

प्रश्न: घरात दोन दिवस वाद चाललाय. लंडनच्या राजवाड्याबाहेर लाल कोट नि काळी केसाळ टोपी घालून जे शिपाई उभे असतात ते खरे फौजी की नुसते शोभेचे? पुतण्या आर्मी भरतीसाठी रोज पहाटे किनाऱ्यावर धावतो, तो म्हणतो खरे. मला नाही पटत. टुरिस्ट तोंडासमोर वेडेवाकडे चाळे करतात तरी गप्प उभे, हे कसले सोल्जर?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर: काका, पुतण्याचं बरोबर आहे. ते खरेखुरे सैनिक आहेत, लढाईला जाणारे. पायदळाच्या पाच गार्ड्स रेजिमेंट आहेत, ग्रेनेडियर, कोल्डस्ट्रीम, स्कॉट्स, आयरिश आणि वेल्श, नि घोडदळाच्या दोन, लाइफ गार्ड्स आणि ब्लूज अँड रॉयल्स. लांबून पायदळवाले सगळे सारखेच दिसतात पण कोटाची बटणं बघा, ग्रेनेडियरची एकेक सुटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीत, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार आणि वेल्शची पाच-पाच. पुढच्या वेळी व्हिडिओ थांबवून पुतण्याला ओळखायला लावा. टोपी अस्वलाच्या कातड्याची, १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनच्या गार्डला हरवल्यावर ग्रेनेडियरना ती नि ते नाव दोन्ही मिळालं.

आता शोभेचं म्हणता त्याबद्दल. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन नि अर्जेंटिनाची लढाई लागली तेव्हा स्कॉट्स आणि वेल्श गार्ड्सच्या ज्या बटालियन पाठवल्या त्या लंडनमध्ये हीच पहाऱ्याची ड्युटी करत होत्या, तिथून उठून दक्षिण अटलांटिकच्या थंडीत. ८ जूनला 'सर गलाहॅड' जहाजावर अर्जेंटिनाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, ४८ माणसं गेली, त्यात ३२ एकट्या वेल्श गार्ड्सची. पुढच्याच आठवड्यात स्कॉट्स गार्ड्सनी तिथला माउंट टम्बलडाउन हा डोंगर रात्रीच्या अंधारात संगिनी लावून घेतला. पुढे अफगाणिस्तानातही हे गेले. म्हणून त्यांच्यासमोर चाळे करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दोन-दोन तास उन्हापावसात न हलता उभं राहायचं ही शिस्त आहे, त्याला दुबळेपणा समजू नका, आणि कोणी फारच अंगचटीला आलं तर ते पाय आपटून मोठ्याने ओरडतात, रायफलही रोखतात. आपल्या कोकणात मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल, तुमच्या वाडीतल्या कुठल्याही रिटायर्ड हवालदाराला विचारा सावधानमध्ये उभं राहणं म्हणजे काय ते.

एक मात्र खरं, राजाच्या अगदी जवळ सावलीसारखे जे असतात ते लंडन पोलिसांचे साध्या कपड्यातले हत्यारी अधिकारी.

प्रश्न: आपल्याकडे असं काही पथक आहे का?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: आहे ना! राष्ट्रपतींचं अंगरक्षक दल. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने उभं केलं, तेव्हा गव्हर्नरसाठी होतं, आता राष्ट्रपतींसाठी. उंचेपुरे घोडेस्वार, पण नुसते घोड्यावर बसणारे नाहीत, पॅराशूटने उडी मारायचं ट्रेनिंग असतं आणि सियाचिनलाही ड्युटी केलीय. २६ जानेवारीला टीव्हीवर राष्ट्रपतींच्या आजूबाजूला घोडे दौडवत जे येतात ते हेच.