वड्याचं तेल कुणाच्या वांग्यावर?

प्रश्न (यावल) : व्यापाऱ्याने केळीचा भाव पाडला की हे त्याच्यासमोर मुकाट ऐकून घेतात. घरी आल्यावर मात्र भाकर जाड झाली म्हणून माझ्यावर खेकसतात. माझं काय चुकतं?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. मनोविश्लेषणात, म्हणजे मनात दडलेलं शोधण्याच्या पद्धतीत, याला विस्थापन म्हणतात. मनाच्या अशा बचावयुक्त्यांची पद्धतशीर मांडणी मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइडने 1936 साली केली. कापणीला आलेला घड थांबत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याशी वाकडं घेणं परवडत नाही. मग राग जिथे धोका कमी तिथे उतरतो, तोही नकळत. पण कारण कळलं म्हणून खेकसणं खपवून घ्यायचं असं नाही. ते भडकलेले असताना ‘हा राग त्याच्यावरचा आहे’ असं सुनावू नका. खरं असलं तरी तेव्हा पटणार नाही. जेवणं उरकल्यावर ‘आज काय भावाने मागितली?’ एवढंच विचारा. ते मोकळे झाले की भाकरीवरचं बोलणं तुम्हाला लागलं, हेही सांगा. हात उगारत असतील तर मात्र सिद्धांत ठेवा बाजूला आणि 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न (धुळे) : मुलाला हाक मारताना तोंडात भावाचं नाव येतं. यामागे काय दडलंय?

उत्तर : बहुधा काही नाही. जीभ घसरते त्यामागे दडपलेला हेतू असतो, असं मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने 1901 मध्ये मांडलं खरं; पण घरातल्या नावांची गल्लत सगळ्यांचीच होते.

प्रश्न (अमळनेर) : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी निघायचं म्हटलं की दरवर्षी काहीतरी होतं. कधी डोकं चढतं, कधी बस चुकते. माहेरी सगळे जीव लावतात. शेताच्या हक्कसोडीवर सही केली, त्याचंही मला काही वाटलं नाही.

उत्तर : सहीचं कुणी विचारलं नव्हतं, ताई. न विचारता आलेल्या ‘नाही’तून दडपलेली गोष्ट डोकावू शकते, असं सिग्मंड फ्रॉइडने 1925 च्या एका निबंधात लिहिलंय. भावावर माया आणि त्याच भावावर राग, दोन्ही एका मनात नांदू शकतात. रागाला तोंड फुटत नाही, तेव्हा डोकं दुखू शकतं. अर्थात, हा माझा अंदाज. एक आठवून पाहा : हे सगळं सहीच्या आधीपासून होतं का? तसं असेल तर माझा अंदाज सोडून द्या आणि डोकेदुखी आधी डॉक्टरांना दाखवा.