कोबी-फ्लॉवरचे प्रश्न: टॉनिक आणि मिक्स औषध आधी बाजूला ठेवा

भात निघालं की मुरबाड, शहापूर, भिवंडीकडून भाजीचे तेच तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

मुरबाडच्या एका दादांचा फ्लॉवर गुडघ्याएवढा झालाय, पाला दांडगा, पण गड्डाच धरत नाही. दुकानदाराने टॉनिक दिलंय, मारू का म्हणतायत. नका मारू. आधी बियाण्याची पिशवी काढून बघा, बहुतेक स्नोबॉल गटातलं निघेल, कारण "नाशिकला हेच चालतं" म्हणून तेच इथे खपवतात. स्नोबॉलला गड्डा धरायला 10 ते 16 अंश गारवा लागतो. निफाडला थंडीत पारा 10 च्या खाली उतरतो, आपल्याकडे दुपारी 30 च्या पुढे जातो आणि रात्रीही तसली थंडी पडत नाही, मग झाड नुसता पाला वाढवत बसतं. टॉनिकने थंडी पडत नाही हो! याच स्नोबॉलचं बी धरायला कुलू खोऱ्यात जावं लागतं, एवढी थंडी त्याला लागते. पुढच्या वेळी पुसा दीपाली, पुसा मेघना असला लवकर येणारा गट घ्या, आणि रोप 25-30 दिवसांचंच लावा, दीड महिन्याचं म्हातारं रोप स्वस्तात मिळालं म्हणून लावलं की सुपारीएवढे गड्डे येतात, मग बी खराब होतं म्हणून मला फोन करू नका.

कोबीला एवढी अडचण नाही, गोल्डन एकर साधारण दोन महिन्यांत तयार होतो. पण लागवड नोव्हेंबरमध्ये उरका. जानेवारीत लावलेला कोबी उन्हात सापडतो, गड्डा पोकळ राहतो.

भिवंडीच्या ताईंच्या कोबीला भोकं पडलीत, दुकानातून तीन औषधं एकत्र करून दिली, चार दिवसांनी परत तेच. ताई, पान उलटं करून बघा, बारीक हिरवी अळी असेल, बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लटकून खाली उतरते. पान वरून पापुद्र्यासारखं दिसतं. ही चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, आणि औषधाला फार लवकर सरावणारी कीड आहे ही. तीन औषधं मिसळून मारलीत की अळी तिन्हींना सरावते, पैसे मात्र तिन्हींचे जातात. मिसळायचं नाही म्हणजे नाही. दुकानदार "जरा जास्तच टाका" म्हणतो, त्याची बाटली लवकर संपते ना. इमामेक्टिन 5 एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक) 10 लिटरला 4 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम, बस. बुचाने मोजायचं नाही. तेच औषध लागोपाठ दोनदा नाही. कोबीचं पान मेणचट असतं, पाणी घरंगळून जातं, त्यामुळे सोबत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण, घ्या, नोझल पानाच्या खालून फिरवा आणि फवारा संध्याकाळी. गड्डा बांधला गेला की आत शिरलेल्या अळीला कुठलंच औषध पोचत नाही, मग डबल डोस मारून ते विष फक्त गिऱ्हाइकाच्या ताटात जातं. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते लेबलवर लिहिलेलं असतं, ते वाचा.

आणि मी दरवर्षी सांगतो, निम्मे लोक ऐकत नाहीत, मोहरी लावा. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी, एक लागवडीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. पतंग आणि मावा आधी मोहरीवर जातात, तिथेच औषध मारा, कोबीवर निंबोळी अर्क 5 टक्के पुरतो. 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, 100 लिटर पाणी करा. ज्यांनी मोहरी लावली त्यांच्या फवारण्या कमी झाल्यात, त्यांच्या शेतावर जाऊन विचारा. दुकानदार मोहरीचं नाव काढणार नाही, तिच्यात त्याला काय मिळतंय?

शहापूरवाल्यांचे तयार गड्डे फुटतायत आणि दुकानातून युरिया टाकायला सांगितलंय. उलट आहे ते. आठवडाभर पाणी तोडलं आणि मग एकदम पाट सोडला की गड्डा फुटतो, वर युरिया दिला की आणखी फुटतो आणि सडतो. युरियाचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर महिन्याने, गड्डा धरायला लागला की गोणी बंद.

पाण्याचं म्हणाल तर ठिबक सिंचनाला अल्प-अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, बाकीच्यांना 75 टक्के अनुदान, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, पूर्वसंमती आल्याशिवाय पाइप घेऊ नका, बाकी ऑफिसला या.

खारघरहून गच्चीवर कोबी लावणाऱ्या वहिनींनी विचारलंय, गड्डा लिंबाएवढाच का. कुंडी लहान आहे, कमीत कमी 12 इंची घ्या, एका कुंडीत एकच रोप, सहा तास ऊन. नाहीतर सरळ मुळा, पालक, लाल माठ लावा, महिना-दीड महिन्यात ताटात येतील. अळी दिसली तर चिमट्याने वेचा, चार कुंड्यांसाठी औषधाची बाटली आणू नका.