कोल्हापुरात एका रात्रीसाठी जाऊन पायी फिरून खायचं असेल तर नातेवाइकांकडे उतरावं की लॉजवर?

लॉजवर. बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका.

तुम्ही विचारलंय की बायकोचे मामा शिवाजी पेठेत राहत असताना लॉज घेतला तर बरं दिसेल का, तुम्हाला तिखट सोसत नाही तर काय खावं, आणि दोघांना खर्च किती येईल. यातल्या पहिल्या प्रश्नावरून माझं आणि माझ्या सख्ख्या भावाचं अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर मंगळवार पेठेतलं. लग्न होऊन ठाण्याला आले. माहेरी आम्ही दोघं गेलो की जे होतं ते तुमच्याकडेही होतच असेल. जावई येणार म्हणून दादा सकाळीच मटणाला जातो. दुपारी नवऱ्याचं ताट मांडलं जातं, शेजारी दादा, समोर भाचे. मी आणि वहिनी आत भाकऱ्या थापत असतो. पुरुष उठले की मग आम्ही बसतो. चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वहिनीच्या हातच्या पांढऱ्या रश्शाला कोल्हापुरातली एकही खानावळ पोचत नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्याच गावात मी आणि माझा नवरा एका वेळी जेवायला बसलो नव्हतो. बाहेर जायचं म्हटलं की दादा म्हणणार, "चालत कशाला? गाडी काढतो की." अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, नवऱ्याने सगळं गाडीच्या काचेतून पाहिलेलं.

मुलगी शिकायला बाहेर गेली त्या वर्षी मी ठरवलं की एक रात्र आपण दोघांनीच जायचं, कुणाला न कळवता. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरलो, भवानी मंडपाजवळ लॉज घेतला आणि दुपार झोपून काढली. तुम्हीही तेच करा. रात्रभर रेल्वेत अवघडल्यावर लगेच चालायला निघालात तर संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांवर खेकसायला लागाल.

ऊन उतरल्यावर खासबागेत गेलो. राजाभाऊंची भेळ तिथे जवळच आहे, ती उभ्यानेच खायची. दोघांत एकच घ्यायची, हा पूर्ण फेरीचा नियम समजा. नवऱ्याला मैदान बघायचं होतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ साली पूर्ण झालं. मधला हौदा खोलात आणि भोवती चढती बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. आम्ही गेलो तेव्हा ते उभं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, त्या रात्री मी ठाण्यात बसून बातम्या बघत रडले आहे. नवऱ्याला ते एकदा तरी बाहेरून दाखवता आलं याचं मला समाधान आहे.

तिथून मिरजकर तिकटीवरून मंडपात, देवळात, आणि मग महाद्वार रोड. या रस्त्यावर एका जुन्या इमारतीत जिना आहे. वर पूर्वी टायपिंगचा क्लास होता. वडील गेले त्या वर्षी मी रोज संध्याकाळी तिथे जायची. येताना वडा खायला आई पैसे द्यायची, ते मी खायची नाही, धाकट्या बहिणीच्या फीसाठी साठवायची. हे मी नवऱ्याला तिथे, त्या जिन्यापाशी उभी राहून सांगितलं. त्याआधी कधीच सांगितलं नव्हतं, कारण तसा विषयच निघाला नव्हता. तो काही बोलला नाही. पुढच्या गाडीवर थांबून त्याने कटवडा घेतला आणि पहिला घास मला दिला. दादा विचारतो, लॉजवर राहून असं काय वेगळं मिळालं. हे मिळालं. जेवणाच्या टेबलावर भाचे आणि क्रिकेटची मॅच समोर असताना हे बोलणं झालं नसतं.

मग गंगावेस. कोल्हापूरचा दूध कट्टा म्हणजे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतो. धारोष्ण दूध. नवरा पिशवीच्या दुधावर वाढलेला, आधी बिचकला, मग दुसरा ग्लास मागितला. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या काकू किटली घेऊन समोर. "कवा आलीस गं? घरात कोण बोलली न्हाईत ते?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण आम्ही रंकाळ्यावर पोचायच्या आत दादाचा फोन.

"लॉजवर? घर पडलंय व्हय आमचं?"

मी म्हटलं, "उद्या दुपारी जेवायला येतो की मी." त्याने फोन ठेवला.

नवरा म्हणाला, जाऊया का घरी, दादा दुखावलेत. मी नाही म्हटलं. दादाचा मान मला कळत नाही असं नाही. वडिलांनंतर घर त्यानेच ओढलं, बहिणींची लग्नं त्याने केली, आणि गल्लीत चार लोक विचारणार की बहीण-भावोजी लॉजवर का, हे त्याला लागणारच. पण माझी एक रात्र मला हवी होती आणि त्यासाठी भावाची परवानगी लागते असं मला वाटत नाही. आम्ही रंकाळ्यावर बसलो, गार वारा खाल्ला आणि नऊच्या सुमाराला खानावळीत गेलो.

आता तुमच्या तिखटाबद्दल. महाराष्ट्रभर हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून जे लालभडक वाढतात त्याचा आमच्या घरांशी संबंध नाही. मटण आधी आलं, लसूण, हळद, मीठ घालून शिजवतात, ते आळणी. त्याच पाण्याचे दोन रस्से होतात. एकात कांदा-लसूण चटणी पडते, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू असं वाटण, तो पांढरा. पांढरा रस्सा फारसा तिखट नसतो, आणि खानावळीत रस्से मागाल तितके वाढतात. तुम्ही पांढऱ्यावर मनसोक्त हात मारा, तांबड्यात भाकरीचं एक टोक बुडवून बघा, सुक्कं बायकोला द्या. कांदा-लसूण चटणीत मिरचीबरोबर सुकं खोबरं, धणे, तीळ असं बरंच काही असतं. चांगल्या घरच्या तांबड्यात त्या सगळ्याची चव लागते. नुसती जिभेला आग लागली तर खानावळ चुकली असं समजा. खानावळींची नावं मी देत नाही, त्यावर भांडणं होतात. जिथे कुटुंबं बसलेली दिसतील आणि भाकरी तव्यावरून थेट येत असेल तिथे बसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. उद्यमनगरातल्या फडतऱ्यांकडे गेलो होतो. मंडपापासून रमतगमत अर्धा तास. सकाळीच जा, दुपारचं नाव काढू नका, आणि रांग असली तरी थांबा. आमच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मिळतो, पाव मागून चेहरा पाडू नका. कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, कमी घालायला सांगा, वरून दही घ्या.

दुपारी ठरल्याप्रमाणे माहेरी गेलो. दादा वाढत होता, बोलत नव्हता. आत वहिनी हळूच म्हणाल्या, सांगा की काय काय खाल्लं. मी सगळं सांगत गेले. गंगावेशीचं सांगितलं तेव्हा त्या थांबल्या. कागलहून लग्न होऊन त्या आमच्या घरात आल्या, पेठेत त्यांची सून यायची वेळ झाली, आणि नवऱ्याबरोबर कट्ट्यावर उभं राहून दूध कधी प्यायल्या नाहीत. भेळही घरीच बांधून येते. दादाने त्यांना कशाला कमी केलं असं कुणी म्हणणार नाही. सणावाराला साडी, दागिना, सगळं केलं. फक्त बरोबर घेऊन एक संध्याकाळ चालला नाही. मी बाहेर जाऊन त्याला तसंच सांगितलं. मटण वाढताना हे काय काढलंस म्हणून तो चिडला. अजून चिडलेला आहे. मी अजून तेच म्हणते.

खर्चाचं मी काय सांगणार, तो तुमच्या लॉजवर अवलंबून. चालून खाण्याला फार लागत नाही.

काही गोष्टी राहिल्या. नवरात्रात जाऊ नका, मंदिराच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते आणि लॉजही मिळणार नाही. श्रावणात गेलात तर मटणाची मजा नाही. आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं ते मुख्यतः बुधवार, शुक्रवार, रविवार, तेव्हा शनिवारी जाऊन रविवारी निघा. पोट नाजूक असेल तर कच्चं दूध पिऊ नका, ते उकळलेलं नसतं. मधुमेह, पित्त वगैरे असेल तर मी वर लिहिलेलं निम्मं करा. आणि मामा एकटे असतील, आजारी असतील किंवा मामींना जाऊन फार दिवस झाले नसतील, तर मी म्हटलं ते सगळं विसरा आणि थेट त्यांच्याकडे उतरा.

तसं नसेल तर निघायच्या आधीच त्यांना फोन करा. शनिवारी लॉजवर राहतोय, रविवारी दुपारी जेवायला येतोय, असं स्पष्ट सांगा. गल्लीतल्या कुणाकडून कळलं तर जास्त लागतं. रागावले तर रागावू द्या, फोन तुम्ही करा, बायकोला करायला लावू नका. आणि रविवारी पंगत बसेल तेव्हा बायकोचं ताट तुमच्या शेजारी मांडायला सांगा.