मोबाईल कंपन्यांच्या चढाओढीतून खरंच काही नवं येतं का? सोलापुरात वीस हजारांत फोन घेताना काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ पूर्व भागात यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे, त्याच्यासाठी वीस हजारांच्या आत फोन घ्यायचाय. नवी पेठेत तीन-चार दुकानं फिरलात, प्रत्येकानं वेगळी कंपनी पुढे केली आणि 'ह्यात हे नवीन आलंय' म्हणून सांगितलं. मग तुम्ही विचारताय की या कंपन्या एकमेकींशी भांडून खरंच काही नवं आणतात, की नुसते आकडे वाढवतात?

दोन्ही होतं. जो आकडा खोक्यावर ठळक छापता येतो त्यात कंपन्या जीव तोडून पळतात, आणि जे छापून विकता येत नाही तिथे पैसे वाचवतात. मेगापिक्सेल (कॅमेरा), वॉट (चार्जिंगचा वेग), हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो), एमएएच (बॅटरीची क्षमता) हे छापता येतं. आतली मेमरी कुठल्या जातीची, अपडेट किती वर्षं, सुटे भाग कुठे मिळणार, हे कुणी छापत नाही. दुकानात उभं राहून नेमकं हेच विचारायचं.

चढाओढीतून खरं काम कुठे झालं याचं चांगलं उदाहरण म्हणजे चार्जिंग. २०१४ च्या सुमारास फोनांच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमची पद्धत व्होल्टेज वाढवायची होती. चार्जर ९ व्होल्ट देणार आणि फोन आत ते उतरवून घेणार. उतरवताना उष्णता फोनच्या पोटात तयार व्हायची. ओप्पोनं त्याच वर्षी उलटा मार्ग धरला: ५ व्होल्टच ठेवायचे, पण करंट ४.५ अँपिअर. उतरवण्याचं काम चार्जरच्या डबीत गेलं, त्यामुळे डबी तापली आणि फोन त्या मानानं गार राहिला. बदल्यात जाड तारेची खास केबल आणि कंपनीचाच चार्जर लागायला लागला. पुढे बॅटरीचे दोन भाग करून ते एकामागे एक जोडणं आणि व्होल्टेज निम्मं करणारी कमी तापणारी चिप या युक्त्या आल्या. २०१४ मधले वीस-बावीस वॉट २०२३ मध्ये रिअलमीच्या एका फोनात २४० वॉटवर गेले. हे काम कुणी एकट्यानं केलं नसतं. समोरच्यानं केलं म्हणून याला करावं लागलं.

आता तुमच्या कामाचं. ८० वॉट लिहिलंय म्हणजे फोन पूर्ण वेळ ८० वॉट घेत नाही. साधा हिशोब करा: ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास, त्याला साधारण ३.८७ व्होल्टनं गुणलं की १९ वॉट-तास आणि वर थोडं. ८० वॉट सलग मिळाले असते तर पंधरा मिनिटांत काम झालं असतं. प्रत्यक्षात बहुतेक फोनांना पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात, कारण सगळ्यात मोठा वेग सुरुवातीची थोडी मिनिटंच टिकतो. पुढे बॅटरी भरत जाते तसा करंट उतरत जातो आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के तर मुद्दाम सावकाश भरले जातात. म्हणून ४५ आणि ८० वॉटमध्ये कागदावर दिसतो तेवढा फरक हातात येत नाही. त्यासाठी दोन हजार जास्त मोजू नका.

त्यात आपलं सोलापूर. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंत असते, आणि हे तापमान बॅटरीचं, हवेचं नाही. मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतं. पत्र्याच्या शेडखाली, मागांची धग अंगावर घेत फोन चार्जिंगला लावला तर सुरुवातीपासूनच तो मर्यादेजवळ असतो. मग फोन स्वतःच वेग पाडतो किंवा चार्जिंग थांबवतो. लोक म्हणतात चार्जर खराब आहे. चार्जर ठीक असतो, फोन स्वतःला वाचवत असतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर चार्ज करा, कव्हर काढून, पंख्याखाली, गादीवर किंवा उशीवर न ठेवता. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा. तापलेली आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते.

बॅटरीतही सध्या खरीखुरी नवी गोष्ट चालू आहे. जुन्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतो. एक ग्रॅम ग्राफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच साठवतो. सिलिकॉनची क्षमता त्याच्या जवळपास दहापट. मग आधी का नाही वापरलं? कारण लिथियम शिरला की सिलिकॉन तिप्पट-चौपट फुगतो, रिकामा होताना आक्रसतो, आणि अशा फेऱ्यांत त्याला तडे जातात. उपाय असा काढला की कार्बनच्या सांगाड्यात थोडंसंच सिलिकॉन बसवायचं, म्हणजे फुगायला जागा राहते. ऑनरनं २०२३ मध्ये मॅजिक ५ प्रोच्या चिनी आवृत्तीत ही बॅटरी दिली. त्याच फोनाच्या बाहेरदेशी आवृत्तीत ५१०० एमएएच, चिनीत ५४५०. दोनच वर्षांत भारतात वीस-बावीस हजारांच्या फोनांत ७००० च्या पुढचे आकडे आले. भावाची पाळी बारा तासांची असेल तर हा आकडा त्याच्या उपयोगाचा आहे, वॉटपेक्षा कितीतरी जास्त. फक्त दुकानदाराला विचारा, किती चार्जिंग फेऱ्यांनंतर (एक फेरी म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं) ८० टक्के क्षमता उरेल असं कंपनी लिहून देते. युरोपमध्ये जून २०२५ पासून किमान ८०० फेऱ्यांचा नियम लागू झालाय. चढाओढीनं जे दिलं नाही ते तिथे कायद्यानं मिळवलं, आणि असा नियम आपल्याकडेही हवा असं माझं ठाम मत आहे.

घाईत काय होतं तेही बघून ठेवा. सॅमसंगचा नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला आणि दोन महिन्यांत कायमचा बंद करावा लागला, फोन पेट घेत होते. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनं स्वतः कारण सांगितलं. एका पुरवठादाराच्या बॅटरीला वरच्या उजव्या कोपऱ्यात जागा अपुरी होती, आतला पत्रा तिथे वाकत होता. बदली दिलेल्या फोनांत दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती, तिच्यात जोडकामाचे अणकुचीदार कंगोरे राहून ते बॅटरीतले थर वेगळे ठेवणारा मधला पडदा भेदत होते. म्हणजे एकाच मॉडेलात दोन वेगळे दोष. त्यानंतर सॅमसंगनं बॅटरीची आठ टप्प्यांची तपासणी सुरू केली.

कॅमेऱ्यावर मात्र फार वेळ घालवू नका. ४८ मेगापिक्सेलचा सोनीचा सेन्सर २०१८ मध्ये आला. त्याचा एकेक ठिपका ०.८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कमी उजेडात एवढा ठिपका पुरेसा प्रकाश गोळा करत नाही, म्हणून चार ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो निघतो. ५० चा साडेबारा होतो. आणि तीन कॅमेऱ्यांतले दोन जर २ मेगापिक्सेलचे असतील तर ते संख्या भरायला लावलेत असं समजा. ओआयएस आहे का एवढं विचारा. लेन्स आतल्या आत हलून हाताचा थरकाप सावरते ती सोय म्हणजे ओआयएस. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चालत्या माणसाचा फोटो काढून बघा, तेवढ्यात कळतं. मात्र ओआयएसवाला फोन मोटारसायकलच्या हँडलला लावून रोज फिरवू नका. इंजिनाच्या कंपनांनी ती लेन्सची यंत्रणा बिघडू शकते. ॲपलनं २०२१ मध्ये आयफोनबद्दल हा इशारा दिला होता.

आता न छापलेलं. आतली मेमरी, म्हणजे फोटो-ॲप साठवायची जागा, दोन जातींची असते: यूएफएस आहे की ईएमएमसी? १२८ जीबी दोघांवर सारखंच लिहिलेलं असतं. ईएमएमसी एका वेळी वाचते किंवा लिहिते. यूएफएस दोन्ही एकाच वेळी करते, आणि वाचण्याचा वेग साधारण तिप्पट. दोन वर्षांनी 'फोन हँग होतोय' ही तक्रार घेऊन येणाऱ्या स्वस्त फोनांत बऱ्याचदा ईएमएमसी असते आणि ती काठोकाठ भरलेली असते. वीस हजारांत यूएफएस २.२ तरी मिळालीच पाहिजे. '८ जीबी अधिक ८ जीबी रॅम' मधले दुसरे ८ म्हणजे याच मेमरीतला उसना तुकडा. ती रॅम धरूच नका.

अपडेटमध्ये चढाओढ उशिरा सुरू झाली, पण झाली. गुगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षं कबूल केली, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस२४ ला तेवढीच, आणि त्याच वर्षी वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं. याच किमतीत दोन किंवा तीन वर्षांवर थांबणारे फोन अजून आहेत. भाऊ यूपीआय वापरत असेल, पगार खात्यात येत असेल, तर सुरक्षेच्या अपडेटशिवायचा फोन चौथ्या वर्षी वापरू नये. माझ्या लेखी ही एक ओळ १०८ मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाची आहे.

आणि कारखान्यातला माणूस म्हणून खास एक गोष्ट: कापसाचे तंतू. टाइप-सी पोर्टच्या, म्हणजे चार्जिंगच्या भोकाच्या, मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा पिना. माग चालू असताना हवेत उडणारी लव पोर्टमध्ये बसते आणि दर वेळी केबल लावताना तळाशी दाबली जाते. दोन-तीन महिन्यांत तिचा घट्ट थर होतो. मग केबल 'टक' करून बसत नाही, मिलिमीटरभर बाहेर राहते, एकाच बाजूनं चार्ज होते, किंवा जलद चार्जिंग दिसायचं बंद होतं. कारण चार्जर आणि फोन ज्या पिनेवरून एकमेकांशी बोलतात ती नीट टेकत नाही आणि फोन साध्या ५ व्होल्टवर येतो. अशा वेळी चार्जर बदलू नका. फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून पोर्टच्या भिंतीच्या कडेनं आत घाला आणि थर बाहेर ओढा. मधल्या जिभेला धक्का लावायचा नाही. टाचणी किंवा सुई अजिबात नको, फोन बंद असला तरी बॅटरी जिवंत असते. तोंडानं फुंकू नका, वाफ जाते. कारखान्यातली कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, शेजारच्या माइकच्या भोकातून ती आत घुसते. पंधरा दिवसांनी एकदा हे केलं तर चार्जिंग बोर्ड बदलायची पाळी सहसा येत नाही. आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलंय म्हणून इथे निर्धास्त राहू नका. धुळीपासून संरक्षण आतल्या भागांना असतं, पोर्टची खाच बाहेरच असते. पाच-दहा रुपयांचं रबरी बूच जास्त कामाचं.

स्क्रीनसाठी एकच परीक्षा: दुपारी बाराला फोन दुकानाच्या दाराबाहेर उन्हात धरून मेसेज वाचून बघा. खोक्यावरचा सगळ्यात मोठा ब्राइटनेसचा आकडा बऱ्याचदा पडद्याच्या छोट्या भागापुरता, थोड्या क्षणांपुरता असतो.

कंपनी निवडताना सर्व्हिस सेंटर सोलापुरातच दुरुस्त करतं की फोन पुण्याला पाठवतं, हे फोन करून विचारा, आणि त्याच फोनवर त्या मॉडेलच्या डिस्प्लेची मूळ किंमतही विचारा. वीस हजारांच्या फोनाचा डिस्प्ले आठ हजारांचा निघाला तर मॉडेल बदलण्याचा विचार करा. नावांच्या गर्दीनं गोंधळू नका. पोको शाओमीतून निघाला, आयकू (iQOO) विवोतून, मोटोरोला २०१४ पासून लेनोवोकडे आहे. एकेकाळी एकमेकांवर कोर्टात खटले भरणाऱ्या सॅमसंग आणि ॲपलमध्येही आयफोनचे पडदे सॅमसंगची शाखाच पुरवते.

पैसे देण्याआधी खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा. *#०६# दाबून आयएमईआय (फोनाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघा, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'केवायएम' (KYM), एक जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोनाची कंपनी आणि मॉडेल येतं. ते समोरच्या फोनाशी जुळलं तरच पैसे द्या, आणि हप्त्यावर घेत असाल तरी बिल भावाच्याच नावानं करून घ्या.