प्लॉट विकायची घाई नको, आधी तारखा मांडा

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मुलगी (४०) आणि जावई (४२) न्यू जर्सीत असतात. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. जावई एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत. मुलगी एच-फोरवर, म्हणजे त्यांच्या कुटुंबीय म्हणून मिळालेल्या व्हिसावर असून कामाचा परवाना घेऊन नोकरी करते, पगार वर्षाला साठ हजार डॉलर. दोघांनी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय. मुलगी नोकरी सोडून इकडे येईल आणि सहा-आठ महिन्यांत बाळाला घेऊन परत जाईल, असा बेत आहे. ओळखीतल्या एकांनी तसंच केलं. त्यासाठी पाचगावचा प्लॉट विकून चाळीस लाख पाठवावेत का? २००४ साली एक लाखाला घेतला होता, आता पंचेचाळीस लाखांना गिऱ्हाईक आहे, त्याने ५१ हजार टोकनही दिलंय. बाकी पेन्शन आणि १८ लाखांच्या ठेवी.

उत्तर: सर, नमस्कार. आत्ता विकू नका. पैसे कमी पडतील की पुरतील हा पुढचा मुद्दा. ते लागणार कधी, इथेच तुमचा हिशेब चुकतोय.

तुमच्या ओळखीचे बहुधा अमेरिकन नागरिक असावेत. नागरिकाला हेग करारानुसार, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाच्या करारानुसार, वेगळी वाट आहे. त्या वाटेने मिळालेल्या व्हिसावर, दत्तकविधान पूर्ण करून आलेलं मूल अमेरिकेत पाऊल ठेवताच, २००० सालच्या कायद्यानुसार, तिथलं नागरिक होतं. एच-वन-बीवाल्यांना ही वाट बंद आहे. त्यांच्या दत्तक मुलाला एच-फोर हवा असेल तर दत्तक सोळा वर्षांच्या आत व्हावं लागतं आणि मूल दोन वर्षं पालकांच्या कायदेशीर ताब्यात, त्यांच्यासोबत राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तुमच्या 'सहा-आठ महिन्यां'च्या जागी दोन वर्षं धरा. आई-वडिलांपैकी एकाचं राहणं पुरेल का, हे अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या. त्या फीचे पैसे खुशाल खर्च करा. ग्रीन कार्डाची वाट बघू म्हणाल, तर भारतीयांची ती रांग दहा वर्षांहून लांब आहे, आणि ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

त्याआधी इकडची रांग आहे. दत्तक 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरूनच. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, तरी लहान, निरोगी बाळासाठी तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. मूल मिळाल्यावर २०२१ च्या दुरुस्तीनुसार आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि दोन महिन्यांत द्यावा असं कायदा सांगतो. वयाचंही बघा. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते. तुमच्या मुलीची आणि जावयांची ८२ आहे. नोंदणीच्या दिवशीचं वय धरतात, म्हणून घाई करायचीच असेल तर ती नोंदणीची करा.

पण नोंदणी कोणत्या रांगेत? अनिवासी म्हणून केली तर मूल तिकडे येऊन राहू शकेल अशी त्या देशाची संमती लागते, आणि अमेरिकेची ती वाट, वर म्हटलं तशी, नागरिकांची. नवरा न्यू जर्सीत आणि बायको कोल्हापुरात असेल तर निवासी म्हणून चालेल का? इथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन हे विचारा. उत्तर 'नाही' आलं तर दोघांनी परतण्याचाच विचार करावा लागेल, आणि मग चाळीस लाखांचं गणितच वेगळं होईल.

आता पैशाकडे. प्लॉट विकलात तर साडेबारा टक्क्यांनी, सेस धरून, पावणेसहा लाखांच्या आसपास भांडवली नफ्यावरचा कर. चाळीस लाख एका वर्षात तुमच्या एकट्याच्या नावाने परदेशी पाठवले तर दहा लाखांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापून घेते तो कर. सहा लाख अडकले. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर हातात नाहीत. आणि पाठवायचे कशाला? मुलगी आणि बाळ राहणार राजारामपुरीत. खर्च इथलाच: दूध, डॉक्टर, मदतीला बाई, आरोग्य विमा. घर तुमचं असल्यामुळे महिना पन्नास हजार धरले तरी दोन वर्षांचे बारा लाख. ते जावयांनी बँकेतून पाठवावेत. अमेरिकेचा रेमिटन्सवरचा नवा एक टक्का कर रोखीने पाठवणाऱ्यांना लागतो, बँक खात्यातून पाठवणाऱ्यांना नाही.

खरा मोठा आकडा तुमच्या पत्रात नाहीच. साठ हजार डॉलरची नोकरी दोन वर्षं गेली की एक कोटीहून जास्त रुपये गेले, कर कापण्याआधीचे. पाचगावचा प्लॉट त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. म्हणून मुलीला सांगा, 'कारा'कडून मूल दाखवल्याचा निरोप येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. कंपनीची भारतात शाखा असेल तर बदलीचं आत्ताच विचारून ठेव. कमी पगारात का होईना, ती मिळाली तर तुमच्या प्लॉटपेक्षा जास्त उपयोगी पडेल. परतताना स्वतःच्या एच-वन-बीचा विचार तिने धरू नये. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावलेत, ते कोणती कंपनी भरणार? एच-फोरवरच जावं लागेल, आणि ते जावयांची नोकरी टिकण्यावर अवलंबून. ती गेली तर बाळाचा व्हिसाही गेला, ही जोखीम विकत घ्यायला कुठलाही विमा नाही.

दोन वर्षांच्या वर आणखी सहा महिन्यांचा खर्च वेगळा बाजूला ठेवायला दोघांना सांगा. डिसेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली आणि भारतातल्या कितीतरी मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. चौदा वर्षांखालच्या मुलांची मुलाखतीतून असलेली सरसकट सूटही २०२५ मध्येच गेली. नियम बदलायला वेळ लागत नाही. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं तेव्हा ज्यांना मूल ठरवूनही झालं होतं, अशी कुटुंबं अडकली.

कुणी 'इस्पितळातून थेट मिळवून देतो, इतके लाख द्या' म्हणालं, तर त्याला दारातही उभं करू नका. तो गुन्हा आहे, तुरुंगाची तरतूद आहे, आणि अशा कागदावर व्हिसा तर मिळणारच नाही. दत्तकाबद्दल नातेवाइकांचं कुजबुजणं मात्र अजिबात मनावर घेऊ नका. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. त्या गावात आपण राहतो.

तुमच्या १८ लाखांना हात लावू नका. ते तुमच्या आणि वहिनींच्या म्हातारपणाचे आहेत. मूल घरात आलं आणि खरंच गरज पडली, तर तेव्हा प्लॉट आहेच. जागेचा बाजार तीन वर्षांत कुठे पळून जात नाही. तुमच्या पत्रात कराराचा उल्लेख नाही. केला नसेल तर या आठवड्यात गिऱ्हाइकाला ५१ हजार चेकने परत करा आणि पोच लिहून घ्या. साठेखत केलं असेल तर मात्र आधी ते मला दाखवा.