पाऊण लाखाचा बोकड घ्यावा का?

पन्हाळा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. घरी बारा गावठी शेळ्या आहेत. जात सुधारावी म्हणून ७५ हजारांचा शुद्ध बोअर, म्हणजे मांसासाठीच्या दक्षिण आफ्रिकी जातीचा, बोकड बघून ठेवलाय. त्यासाठी पत्नीच्या नावावरची, ८ टक्के व्याजाची लाखाची ठेव मोडायचा विचार आहे.

दादा, बोकडात खोट काढत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं १९९३ साली बोअर आणली, तेव्हापासून संकराची करडं वजनाला चांगली भरतात हे आपल्याकडं दिसलंय. पण तुमचेच आकडे घेऊन बसू. गेल्या वर्षी आठ बोकडं सरासरी सात हजारांना गेली. संकराचं करडू त्याच वयात चार किलो जास्त भरलं आणि चारशेचा दर धरला, तर एका नगामागं १,६००, आठांचे १२,८००. आजवर शेजाऱ्याचा बोकड फुकटात लागत होता. आता दावणीला स्वतःचा. रोज अर्धा किलो खुराक म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या घरात. उरले जेमतेम सात हजार. मोडलेल्या ७५ हजारांवरचं व्याजच सहा हजार होतं! शिवाय दोन वर्षांत त्याच्याच पाटी, म्हणजे त्याच्याच लेकी, माजावर येतील. बापलेकींचा संकर नको म्हणून बोकड बदलणं आलं.

पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय, माझं बोट तिथंच अडकलं: "पावसाळ्यात पाच करडं गेली." ओल्या जमिनीवर, लेंड्या-मुतात बसलेलं करडू आपल्या पन्हाळ्याच्या पावसात तग धरत नाही. त्यातली तीन जगली असती तरी वीसेक हजार हाताशी होते. बोअरचा सगळा फायदा त्यापुढं निम्मासुद्धा नाही.

म्हणून आधी माच करा. जमिनीपासून तीन-चार फूट उंच, फळ्यांत लेंडी खाली पडेल एवढी फट, पावसाच्या बाजूला पत्रा. गावच्या सुताराकडून अंदाज घ्या. बांबू-लाकडात पंचवीस हजारांत बसवायचं बघा. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस आणि पावसाच्या आधी-नंतर जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्या.

संकर त्यानंतर, आणि तोही अर्ध्या बोअर रक्ताच्या बोकडानं. तुमच्या शेळ्या बांधावर चरतात, वर उसाचं वाडं खातात. एवढ्या चाऱ्यावर शुद्ध रक्ताचं वजन भरत नाही. पहिलटकरणींना मात्र तो लावू नका, करडू मोठं झालं तर शेळी विताना अडते. एका बोकडाला पंचवीस-तीस शेळ्या चालतात, तेव्हा शेजारच्या दोघांना भागीत घ्या. फक्त ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या सांसर्गिक रोगाची) तपासणी करूनच तो दारोदारी फिरवा, नाहीतर भागीत रोगही वाटला जाईल. घेताना त्याच्या आईनं किती वेळा जुळी दिली ते विचारा. वहीत नोंद दाखवत नसतील तर परत या.

माचीपुरते पैसे यंदाच्या बोकडांच्या विक्रीतून काढा, ठेव मुदतीपर्यंत राहू दे. वैरण आणि झाडलोट वहिनीच बघतात असं तुम्हीच लिहिलंय, पावतीही त्यांच्याच नावाची. त्यांना काय वाटतं, ते मात्र पत्रात कुठं सापडलं नाही.